कार्यालयीन संगणक, विषाणू आणि दुरुस्तीसेवा : एक ऐतिहासिक विवेचन (१९८६ ते २०२४)

प्रस्तावना

कचेरीतील नोंदी नष्ट होण्याचे भय नवे नाही. दप्तरखान्यातील रुमालांना वाळवी लागू नये, ओल येऊ नये, म्हणून कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी दक्षता घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला आणि वेतनबिले, हजेरीपत्रके, प्रवेशयाद्या, परीक्षांचे निकाल हे सारे चुंबकीय तबकडीवर गेले. त्याबरोबर नोंदींचा शत्रूही बदलला. वाळवी महिनोन्महिने कागद खाते व तिची चाहूल लागते. संगणक विषाणू मात्र एका सकाळी वर्षाचे काम पुसून टाकू शकतो आणि तोवर त्याचा मागमूसही लागत नाही.

या विषाणूंचा इतिहास बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. एक इतिहास विषाणू लिहिणाऱ्यांचा असतो. त्यात साहस, खोडसाळपणा आणि गुन्हा यांच्या कथा येतात. दुसरा इतिहास विषाणूरोधक उत्पादनांचा व ती विकणाऱ्या कंपन्यांचा असतो. या दोहोंमध्ये एक तिसरी व्यक्ती राहून जाते. कार्यालयातून दूरध्वनी आल्यावर पिशवीत फ्लॉपी व पेचकस घालून येणारा, बंद पडलेला संगणक सुरू करून देणारा दुरुस्तीदार तो हाच. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या व देखभालीच्या बाजूने पाहावा, असा आग्रह धरला आहे. प्रस्तुत लेखात तीच दृष्टी संगणक विषाणूंच्या प्रश्नाला लावून पाहिली आहे. कार्यालयीन संगणकाचे संरक्षण ही एकदा विकत घेऊन ठेवण्याची वस्तू कधीच नव्हती; ती आरंभापासून एक सेवा होती, आणि जेथे ही सेवा तुटली तेथेच मोठे आघात झाले, हे येथे दाखवावयाचे आहे.

१. संकल्पना आणि तिच्यातच असलेली मर्यादा

स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्राचा सैद्धांतिक विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ मधील व्याख्यानांत मांडला होता. १९७१ मध्ये अमेरिकेतील बीबीएन या संस्थेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रयोगात्मक प्रोग्राम लिहिला. तो जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. त्याचा माग काढून त्याला पुसणारा ‘रीपर’ हा प्रोग्राम रे टॉमलिन्सन यांनी तयार केला. म्हणजे रोग आणि उतारा यांची जोडी अगदी प्रारंभीच दिसते. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या अमेरिकन शाळकरी मुलाने ॲपल-टू संगणकासाठी लिहिलेला ‘एल्क क्लोनर’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरू लागला.

या प्रकाराला ‘विषाणू’ हे नाव १९८३ मध्ये मिळाले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी त्या वर्षी १० नोव्हेंबरला एका परिसंवादात आपला प्रयोग करून दाखविला. त्यांचे मार्गदर्शक लेन एडलमन यांनी हे नाव सुचविले होते. सर्वसाधारण वापरकर्त्याच्या अधिकारांनी सोडलेल्या या प्रोग्रामने प्रत्येक प्रयोगात एका तासाच्या आत संपूर्ण यंत्रणेचे अधिकार मिळविले. पुढील वर्षीच्या निबंधात कोहेन यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली : प्रत्येक संभाव्य विषाणू अचूकपणे ओळखील आणि निर्दोष प्रोग्रामला कधीही दोषी ठरविणार नाही, अशी सर्वसमावेशक रीत असूच शकत नाही.

या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ कार्यालयांच्या लक्षात यावयास फार काळ गेला. परिपूर्ण ओळख अशक्य असेल, तर कोणतेही विषाणूरोधक कायमचे पुरे होणार नाही. नवा विषाणू येणार, कोणाच्या तरी यंत्रावर सापडणार, कोणीतरी तो तपासून त्याची खूण यादीत घालणार आणि ती यादी पुन्हा प्रत्येक कार्यालयापर्यंत पोहोचवावी लागणार. हे चक्र थांबले की संरक्षणही थांबले. उत्पादनाच्या वेष्टनाआड एक अखंड सेवा दडलेली असते, ती या कारणाने.

२. लाहोरचे दुकान

आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो. तो १९८६ मध्ये पाकिस्तानातील लाहोर येथे बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला. ते ‘ब्रेन कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने संगणकांचा व्यवसाय करीत. आपण तयार केलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत, हा आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले.

‘ब्रेन’ ३६० किलोबाइटच्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या आरंभखंडात, म्हणजे संगणक चालू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, आपले बस्तान बसवी. मूळ आरंभखंड तो अन्यत्र हलवी व ती जागा खराब असल्याची खूण करून ठेवी. कोणी तपासू लागल्यास त्याच्यापुढे जुना, निर्दोष खंड धरी. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून लक्षणीय वाटावी अशी गोष्ट विषाणूच्या मजकुरात होती. त्यात दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक दिलेले होते आणि लस हवी असल्यास संपर्क साधावा, अशी सूचना होती. परदेशांतून त्या क्रमांकांवर खरोखरच दूरध्वनी आले.

तेव्हा वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या विषाणूने आपल्याबरोबर तांत्रिक साहाय्याचा पत्ताही नेला होता. रोग पसरविणारा आणि उपचार करणारा यांचे दुकान एकच होते. या घटनेकडे केवळ गंमत म्हणून पाहता येणार नाही. ज्याच्या हाती यंत्राची अंतर्गत माहिती आहे, त्याच्यावर कार्यालयाला विश्वास टाकावाच लागतो; तो विश्वास सार्थ आहे किंवा नाही, हे तपासण्याचे साधन कार्यालयापाशी नसते. पुढील चार दशकांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा उद्भवला.

३. फ्लॉपीचा काळ आणि भारतीय कचेरी

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणकांची आयात व निर्मिती सुलभ झाली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे उपग्रहावर आधारित जाळे जिल्हा पातळीवर पोहोचू लागले. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, सुरू झाले. सामान्य कार्यालयातील संगणक मात्र दीर्घकाळ एकटाच होता. कोणत्याही जाळ्याशी त्याचा संबंध नसे. बाहेरच्या जगाशी त्याला जोडणारा दुवा म्हणजे फ्लॉपी होय.

या काळातील संसर्गाची रीत समजून घेतल्यास दुरुस्तीदाराचे महत्त्व कळते. संध्याकाळी फ्लॉपी खाचेत विसरून संगणक बंद केला आणि सकाळी तसाच चालू केला, तर यंत्र प्रथम फ्लॉपीचा आरंभखंड वाची. पडद्यावर ही यंत्रणेची तबकडी नव्हे, अशा अर्थाचा संदेश येई. कारकून फ्लॉपी काढून पुन्हा कळ दाबी आणि काम सुरू होई. त्या क्षणापूर्वीच विषाणू हार्ड डिस्कवर जाऊन बसलेला असे. फ्लॉपीवर एकही प्रोग्राम नसला, केवळ एखादे पत्र असले, तरी हे घडे.

१९९० च्या जून महिन्यात भारतात आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू याच जातीचा होता. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करण्यास सांगे. शुभेच्छा अचूक दिल्या की काम पुढे चाले. हे जोशी कोण, हा प्रश्न वेतनबिलाची मुदत साधू पाहणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने गौणच असणार. परंतु आपल्या यंत्राला अन्य कोणाचा आदेश चालतो, हा अनुभव नवा व अपमानास्पद होता.

‘मायकेलँजेलो’ याहून घातक होता. १९९१ मध्ये आढळलेला हा विषाणू ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मतारखेस, हार्ड डिस्कचा प्रारंभीचा भाग निरर्थक मजकुराने भरून टाकी. १९९२ च्या ६ मार्चपूर्वी पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी लाखो संगणक नष्ट होतील, असे भाकीत केले. प्रत्यक्ष हानी त्या मानाने पुष्कळच कमी झाली. भीतीमुळे विषाणूरोधकांचा खप वाढला. अनेक ठिकाणी त्या दिवशी संगणक बंद ठेवण्याचा अथवा यंत्रातील तारीख पुढे ढकलण्याचा साधा उपाय योजण्यात आला.

उपचाराचे तंत्र साधेच होते. पण ते माहीत असणे आवश्यक होते. यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण बंद करावयाचा, खाचेवर चिकटपट्टी लावून लेखनबंद केलेल्या निर्दोष डॉस फ्लॉपीने ते सुरू करावयाचे आणि मग विषाणूने बळकावलेला आरंभखंड पूर्ववत करावयाचा. ज्याला हे ठाऊक नसे, तो डिस्क फॉरमॅट करी. डॉसमधील फॉरमॅटच्या आज्ञेने हार्ड डिस्कचा सर्वांत पहिला खंड, ज्यात विभागणीचा तक्ता असतो, तो मुळीच बदलत नसे. परिणामी कार्यालयाची सर्व माहिती जाई आणि विषाणू मात्र जागच्या जागी राही. अर्धवट ज्ञानाने केलेला उपचार रोगाहून महाग पडे. जाणत्या दुरुस्तीदाराची किंमत कार्यालयांना अशा प्रसंगी कळत असे.

४. मंगळवार पेठेतील दुकान

लाहोरच्या दुकानाशी तुलना करावी, असे एक उदाहरण पुण्यात आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कुटुंबातले कैलास काटकर यांनी दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यातील मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. कॅल्क्युलेटरांपाठोपाठ संगणकही दुरुस्तीस येऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय हे मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या कित्येक यंत्रांचा दोष सुट्या भागांत नसून विषाणूंमध्ये आहे, हे ध्यानी आल्यावर संजय काटकर यांनी ते काढून टाकणारे छोटे प्रोग्राम लिहिण्यास आरंभ केला. त्यांचे एकत्रीकरण होऊन ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक सिद्ध झाले.

१९९५ मध्ये नोंदविलेल्या त्यांच्या कंपनीचे नाव ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ असे होते. लाहोरच्या व पुण्याच्या दोन्ही दुकानांच्या नावांत ‘कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही शब्दजोडी समान आहे. हे साम्य योगायोगाचे असले तरी अर्थहीन नाही. दक्षिण आशियातील शहरांत संगणकाचे ज्ञान प्रयोगशाळांइतकेच अशा छोट्या दुकानांतून वाढले, याची ती खूण आहे. एका दुकानातून विषाणू निघाला, दुसऱ्यातून उतारा. दोहोंच्या मुळाशी यंत्र उघडून, पाहून, जुळवून मिळविलेली एकाच जातीची विद्या होती.

पुण्याच्या उदाहरणात ज्ञानाचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला, हेही पाहण्यासारखे आहे. दुरुस्तीस आलेले यंत्र हाच नव्या विषाणूचा नमुना होता आणि त्याच यंत्रावर उताऱ्याची चाचणी होई. ग्राहकाची तक्रार आणि संशोधनाची सामग्री या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. अशा प्रयत्नांत ही कंपनी एकटी नव्हती. चेन्नईत के-सेव्हन कॉम्प्युटिंग आणि मुंबईत मायक्रोवर्ल्ड या संस्थाही त्याच दशकाच्या प्रारंभी उभ्या राहिल्या. २००७ मध्ये पुण्याच्या कंपनीचे नाव बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. नावातून ‘सर्व्हिसेस’ जाऊन ‘टेक्नॉलॉजीज’ येणे हा व्यवसायाच्या वाढीचा स्वाभाविक टप्पा होता. परंतु ग्राहकांच्या मनातही तेच स्थित्यंतर घडले असावे. घरी येणाऱ्या वैद्याच्या जागी औषधाची बाटली आली आणि बाटली कपाटात आहे म्हणजे आपण निरोगी आहोत, असा समज रुजू लागला.

५. जाळे आणि ठिगळ

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा ‘कन्सेप्ट’ हा विषाणू अवतरला. पत्र हीच आता संसर्गाची वाहक वस्तू झाली. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ ई-मेलमधून पसरला. त्याच वर्षी २६ एप्रिलला तैवानमध्ये लिहिलेल्या ‘सीआयएच’ने हार्ड डिस्कबरोबरच यंत्राच्या मूळ चिपमधील मजकुरावरही घाला घातला, असे यंत्र चालूच होत नसे आणि ते उघडून चिप बदलण्यावाचून गत्यंतर नसे. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ प्रेमपत्राच्या रूपाने जगभरच्या कार्यालयांत शिरला. फायलीच्या नावाचे अखेरचे शेपूट विंडोज एरवी दाखवीत नसे. त्यामुळे प्रोग्राम साध्या पत्रासारखा दिसे. त्या देशात अशा कृत्याविरुद्ध तेव्हा कायदाच नसल्याने खटला उभा राहू शकला नाही. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात विषाणू घुसविणाऱ्याकडून एक कोटी रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद होती; ही मर्यादा पुढे २००८ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा कार्यरत झाली.

या दशकात आणखी एक मूलभूत बदल झाला. पुष्कळ किडे आता वापरकर्त्याच्या चुकीची वाट न पाहता सॉफ्टवेअरमधील छिद्रातून स्वतःच आत शिरू लागले. ते छिद्र बुजविण्यासाठी निर्माती कंपनी जी दुरुस्ती देते, तिला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. मराठीत ठिगळ म्हणणे अगदी चपखल होईल. यातील तारखांचा क्रम उद्बोधक आहे. ‘स्लॅमर’ २५ जानेवारी २००३ रोजी पसरला. त्याचे ठिगळ जुलै २००२ मध्येच उपलब्ध होते. ‘ब्लास्टर’ ११ ऑगस्ट २००३ रोजी आला. ठिगळ २६ दिवस आधी, १६ जुलैला निघाले होते. ‘सॅसर’च्या वेळी, एप्रिल २००४ मध्ये, हे अंतर १७ दिवसांचे होते. नोव्हेंबर २००८ मधील ‘कॉन्फिकर’च्या वेळी सुमारे एक महिन्याचे होते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’च्या वेळी ते ५९ दिवसांचे होते.

प्रत्येक प्रसंगी उपाय अस्तित्वात होता. उणीव होती ती तो लावणाऱ्या हाताची. भारतातील कार्यालयांत ही उणीव का राहिली, याची कारणे गूढ नाहीत. दूरध्वनीच्या तारेवरून मोठी फाइल उतरविण्यास तासन्‌तास लागत. अनधिकृत प्रती वापरणाऱ्यांना मूळ कंपनीच्या संकेतस्थळाकडे जाण्याचे भय वाटे. चालत्या यंत्राला हात लावू नये, ही वृत्ती सार्वत्रिक होती. वार्षिक देखभाल करारांत भर असे तो सुट्या भागांवर. सॉफ्टवेअरची निगा ही कोणाची जबाबदारी, हे बहुधा स्पष्ट नसे. संगणक विकत घेण्यासाठी अनुदान मिळे, तो सांभाळण्यासाठी मिळणे दुरापास्त होते. पुढे फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली, तेव्हा ती घालताच प्रोग्राम आपोआप सुरू करण्याच्या विंडोजमधील सोयीमुळे जुन्याच मार्गाने नवा संसर्ग झाला. झेरॉक्सच्या दुकानातून प्राचार्यांच्या कक्षापर्यंत एकच पेनड्राइव्ह फिरत असल्याचे दृश्य महाविद्यालयांना अपरिचित नाही.

‘वॉनाक्राय’ने भारतात कोणास गाठले, हेही बोलके आहे. आंध्र प्रदेशातील पोलीस कार्यालये, पश्चिम बंगालमधील वीज वितरण कार्यालये आणि केरळमधील ग्रामपंचायती यांचे संगणक त्यात सापडले. ही सारी सामान्य नागरिकाचा रोजचा संबंध येणारी, नोंदी ठेवणारी कार्यालये होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले होते. या आघातानंतर त्या जुन्या प्रणालीसाठीही अपवाद म्हणून ठिगळ देण्यात आले. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. साहाय्याची तारीख उलटलेल्या यंत्रांचा प्रश्न त्यामुळे पुन्हा कार्यालयांपुढे उभा आहे.

६. साहाय्याचा मुखवटा

दुरुस्तीदाराची जागा रिकामी पडली की ती बळकावणारेही येतात. संगणकाला दुरून हाताळण्याची सोय झाल्यावर एका नव्या फसवणुकीने बाळसे धरले. प्रसिद्ध कंपनीच्या साहाय्य विभागातून बोलत असल्याचे सांगणारा दूरध्वनी येई. वापरकर्त्याला विंडोजमधील घटनांची नोंदवही उघडावयास लावून तेथील किरकोळ व निरुपद्रवी सूचना विषाणूचा पुरावा म्हणून दाखविल्या जात आणि दुरुस्तीच्या नावाखाली पैसे उकळले जात. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशा टोळ्यांविरुद्ध कारवाई जाहीर केली. त्यांतील बहुतेकांची दूरध्वनी केंद्रे भारतात होती. ज्या देशातील तरुणांनी जगाला तांत्रिक साहाय्य पुरवून नाव मिळविले, त्याच देशाच्या लौकिकाला या प्रकाराने बट्टा लागला.

२७ जून २०१७ चा ‘नॉटपेट्या’ याहून गंभीर होता. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती पोहोचविणाऱ्या वाहिनीतूनच तो सोडण्यात आला. ज्या कार्यालयांनी शिस्तीने अद्ययावतीकरण केले, त्यांनाच त्याचा प्रथम फटका बसला. तेथून तो डेन्मार्कच्या मर्स्क या नौवहन कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. सर्व संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरांच्या प्रती नष्ट झाल्या होत्या. आघाताच्या वेळी वीज गेल्यामुळे घानामधील एकच प्रत वाचली. ती तबकडी कर्मचाऱ्यांनी नायजेरियामार्गे विमानाने, हातातून हातात देत, इंग्लंडला पोहोचविली. जगभर पसरलेले जाळे अखेर हाताने वाहून नेलेल्या एका तबकडीवर पुन्हा उभे राहिले.

१९ जुलै २०२४ रोजी तर विषाणूचीही गरज उरली नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. बंद पडलेल्या यंत्रापर्यंत दुरून पोहोचता येत नव्हते; त्यामुळे ठिकठिकाणी माणसाने यंत्रासमोर बसून, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, एक फाइल पुसावी लागली. लेखनबंद फ्लॉपी घेऊन येणाऱ्या दुरुस्तीदाराचेच ते काम होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) परिपूर्ण विषाणूरोधक असू शकत नाही, हे १९८४ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून संरक्षणाचा विचार खरेदीच्या शीर्षाखाली न करता आवर्ती सेवेच्या शीर्षाखाली करणे तर्कशुद्ध ठरते.

(२) बहुतेक मोठ्या आघातांत ज्ञान अथवा साधन यांचा अभाव नव्हता. उपलब्ध उपाय प्रत्यक्ष यंत्रापर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती. इतिहासाने दाखविलेले दुबळे स्थळ येथे आहे.

(३) तांत्रिक साहाय्य हा विश्वासाचा व्यवहार आहे. लाहोरच्या फ्लॉपीपासून युक्रेनच्या अद्ययावतीकरणापर्यंत संसर्ग आणि साहाय्य एकाच वाटेने आल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावयाचा, याचा निर्णय कार्यालयाने संकटापूर्वी घेऊन तो लेखी नोंदविणे इष्ट होय. कोणत्याही सेवेवर सर्वस्वी विसंबू नये. यंत्रापासून अलग ठेवलेली नोंदींची प्रत हा अखेरचा आधार आहे, आणि ती परत उतरवून पाहिल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

(४) दुरुस्तीदारांचे ज्ञान लेखी स्वरूपात फारसे उरलेले नाही. कंपन्यांचे अहवाल जपले जातात. देखभालीच्या नोंदवह्या, तक्रारींचे कागद आणि जुन्या फ्लॉपी रद्दीत जातात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत १९९० च्या दशकात पहिले संगणक बसविणारे प्रयोगशाळा साहाय्यक, कार्यालयीन अधीक्षक व स्थानिक दुरुस्तीदार आजही भेटू शकतात. त्यांच्या मुलाखती घेणे व उरलेल्या नोंदवह्या जतन करणे हे इतिहास आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांना मिळून करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. विलंब मात्र परवडणारा नाही.

पेशवाईतील रुमाल आज वाचता येतात, कारण कोणीतरी ते उघडले, झटकले आणि पुन्हा बांधून ठेवले. त्या हातांची नावे आपणास ठाऊक नाहीत. संगणकयुगातील नोंदी राखणाऱ्या हातांची नावे मात्र अद्याप विचारता येतात.